सासऱ्यांच्या पिकपचे पाटे

"दोन तासांचं काम आहे," असं मेव्हण्याने फोनवर सांगितलं, आणि जावईबापूंनी ते खरं मानलं.

मेव्हणा तीनशे मैलांवर राहत होता. त्याने उभ्या जन्मात भिंतीत खिळासुद्धा ठोकला नव्हता. पण दूर राहणाऱ्या आणि स्वतः काही न करणाऱ्या माणसाच्या आवाजात एक विलक्षण खात्री असते. जावईबापू विमा कार्यालयात दाव्यांच्या विभागात होते. अर्जात एक रकाना कोरा सोडणाऱ्याला त्यांनी पंचवीस वर्षं बिनदिक्कत घरी पाठवलं होतं. असा चौकस माणूस मेव्हण्यापुढे मात्र विरघळला.

प्रश्न सासऱ्यांच्या पिकपचा होता. सासरे जन्मभर फर्निचर बनवत आले आणि बनवलेलं फर्निचर याच पिकपमधून पोचवत आले. ते गेल्यावर सासूबाई लेकीकडे राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर पिकपही आली. सासूबाई तिसऱ्या मजल्यावर रुळल्या, पिकप सोसायटीच्या पार्किंगमध्ये. दोघींचाही कुणाला त्रास नव्हता. सासूबाई आल्यापासून जावईबापूंचं मूळ नाव मात्र मागे पडलं. त्या इतक्या अदबीने "अहो जावईबापू" म्हणत, की वर्षभरात शेजारी, वॉचमन, इस्त्रीवाला, सगळेच त्यांना जावईबापू म्हणू लागले. त्या त्यांच्यासमोर पाय लांब करून बसत नसत आणि त्यांनी केलेला चहा कितीही कडू झाला तरी "छान झालाय" म्हणत. जावईबापूंना याचा अभिमान होता आणि थोडं अवघडल्यासारखंही होई.

तर सासूबाईंचं जुनं घर विकलं गेलं होतं. नवे मालक महिनाअखेरीला राहायला येणार होते आणि तिथल्या कामाच्या खोलीत सासऱ्यांचं सुतारकामाचं टेबल अजून तसंच होतं. सासूबाईंनी आजवर कसलीच मागणी केली नव्हती. या वेळी पहिल्यांदाच त्या म्हणाल्या, "जमलं तर ते टेबल आणू या. नाही जमलं तरी चालेल."

हे 'नाही जमलं तरी चालेल' फार वाईट असतं. त्यापुढे माणसाला पळवाट राहत नाही.

टेंपो भाड्याने आणता आला असता. पण त्या घराकडे जाणारा शेवटचा दोन मैलांचा रस्ता असा खाचखळग्यांचा होता, की तिकडचं नाव काढताच टेंपोवाले फोन ठेवत. आणि पिकप तर मागून पार बसली होती. मागच्या चाकांवर गाडीचा भार तोलणारे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी, तीस वर्षं कपाटं आणि पलंग वाहून सरळ झाले होते. रिकाम्या गाडीचंही बूड गतिरोधकाला घासे. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "नवे पाटे घाला. चार इंच उचलून देतो. पण पुढच्या महिन्यात. आत्ता माझ्याकडे जागा नाही." पुढच्या महिन्यात टेबल नव्या मालकांचं झालं असतं. म्हणून मेव्हण्याला फोन गेला, मेव्हण्याने दोन तास सांगितले आणि चार दिवसांत चार इंच जास्त कमान असलेले नवे पाटेही पाठवून दिले. ते सोसायटीच्या फाटकाशी येऊन पडले. एकेक पाटा एवढा जड, की वॉचमनने त्याला हात लावून पाहिला आणि लगेच त्याला पंप चालू करायचं आठवलं.

पहिल्या शनिवारी सकाळी नऊ वाजता जावईबापू कामाला लागले. अकरापर्यंत आटोपून अंघोळ करू, असा हिशेब. पुढच्या चाकांना विटांची टेकणं दिली, मागून जॅक लावला, गाडी उचलून दोन लोखंडी घोड्यांवर टेकवली. चाकं काढली. सासूबाई खाली येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर पेपर घेऊन बसल्या. बायको तिसऱ्या मजल्यावरून म्हणाली, "अहो, तो चांगला शर्ट आहे!" तोपर्यंत तो चांगला शर्ट राहिला नव्हता.

पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट निघाले. पाट्याचं मागचं टोकही सुटलं. मग पुढच्या टोकाचा बोल्ट आला. त्याचं नट निघालं, बोल्ट गोल फिरूही लागला, पण बाहेर येईना. गंजून तो पाट्याच्या टोकातल्या लोखंडी नळीशी असा एकजीव झाला होता, की नळी कुठे संपते आणि बोल्ट कुठे सुरू होतो हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं. जावईबापूंनी हातोडा मारला. बोल्ट हलला नाही, अंगठा मात्र हलला.

हातोड्याच्या आवाजाला माणसं जमतात. पहिले आले पूलवाले. हे निवृत्त इंजिनीयर. त्यांनी अकरा पूल बांधले होते आणि त्यांतला एकही पडलेला नाही हे ते ओळख होताच सांगत. त्यांनी गाडीखाली पाहिलंही नाही. खिशातून खडू काढला आणि पार्किंगच्या भिंतीवर आकृती काढायला घेतली. "भार इथून येतो. इकडे जातो. मग बोल्टवर काय येतं?"

"गंज," जावईबापू गाडीखालून म्हणाले.

"कातरबल!" पूलवाले म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास त्यांनी बोल्टला कात्रीसारखं कापू पाहणाऱ्या या बलावर घालवला. भिंत भरली. दुपारी सेक्रेटरींनी नोटीस लावली: 'सामायिक भिंतीवर आकृत्या काढू नयेत. तसेच कोणतेही वाहन चाकांविना सात दिवसांहून अधिक उभे असू नये.' खाली तारीखही होती. जावईबापूंनी ती नोटीस दोनदा वाचली. मसुदा निर्दोष होता. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बोल्ट निघाला तो दुसऱ्या दिवशी, तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाईंमुळे. त्या दवाखाना बंद करून निघाल्या होत्या. जावईबापू बोल्टच्या डोक्याला पाना लावून, पाय भिंतीला टेकवून सगळ्या अंगाने ओढत होते. बाई थांबल्या.

"अहो, असं नाही. अशाने मोडेल. दाढ ओढायची नसते, तिला घर सोडायला लावायचं असतं. थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि तेल घाला."

"दाढेला तेल?"

"बोल्टला!"

थोडं इकडे, थोडं तिकडे. जावईबापूंनी तासभर हेच केलं, आणि अखेर कुईं असा आवाज करत उजवा बोल्ट बाहेर आला. त्यांनी तो कापडात गुंडाळून बायकोला दाखवायला वर नेला. बायको म्हणाली, "बरं, आता हात धुवा." डावा बोल्ट त्याच युक्तीने निम्मा निघाला आणि पेट्रोलच्या टाकीला जाऊन टेकला. बाहेर यायला त्याला वाटच नव्हती. म्हणजे आधी टाकी उतरवा. टाकीत पेट्रोल, म्हणजे त्याआधी ते काढा. टाकीचे पट्टे गंजलेले, म्हणजे त्याहीआधी तेल घाला आणि वाट पाहा. दोन तासांच्या कामाचा तिसरा दिवस असा वाट पाहण्यात गेला. मेव्हण्याने फोन करून विचारलं, "झालं का?" जावईबापूंनी फोन बायकोकडे दिला. ती भावाशी जे बोलली ते ऐकून त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या माहेरच्या बोलीची खरी ताकद कळली.

मंगळवारी त्यांच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. गाडी चार इंच उंच करायची म्हणजे गाडीत बदल करणं. बदलाला परवानगी नको? दुसऱ्या कुणी हा विचार झटकून टाकला असता. जावईबापूंनी बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि वाहन नोंदणी कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"उंची वाढवायची आहे."

"कुणाची?" खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं.

"पिकपची. चार इंच."

"अर्जात सेंटिमीटर आहे."

"दहा."

"चार इंच म्हणजे दहा पूर्णांक सोळा शतांश."

जावईबापूंना त्या माणसाबद्दल एकदम आदर वाटला.

"आत्ताची उंची?"

"आत्ता मोजता येणार नाही. गाडी घोड्यांवर आहे."

कारकुनाने मान वर केली. "घोड्यांवर?"

"हो. दोन घोड्या आहेत. मजबूत आहेत."

"जनावरांची वाहतूक सहा नंबर," कारकून म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

सहा नंबरवर अर्धा तास गेला. तिथल्या बाईंनी घोड्यांच्या तब्येतीचा दाखला मागितला. त्या लोखंडी आहेत असं जावईबापूंनी सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "मग आधी सांगायचं." ते पुन्हा चार नंबरला आले. विमा कार्यालयात आपल्याच टेबलासमोर असे फिरून फिरून आलेले चेहरे त्यांनी पंचवीस वर्षं पाहिले होते. आपलाही चेहरा आत्ता तसाच दिसत असणार, हे त्यांना जाणवलं. कारकुनाने या वेळी गाडीची जुनी कागदपत्रं उलटीपालटी करून नीट वाचली आणि बराच वेळ कागदावर आकडेमोड केली.

"मूळ उंची बघा. बूड गतिरोधकाला घासतं म्हणता, म्हणजे तुमची गाडी तीन इंच बसली आहे. म्हणजे तुम्ही तिला तीन इंच जागेवर आणताय आणि वर एक इंच चढवताय. एका इंचासाठी आमच्याकडे अर्जच नाही. जा तुम्ही."

जावईबापूंनी त्याचा हात हातात घेतला. खिडकीच्या फटीतून जेवढा मिळाला तेवढा.

शुक्रवारपर्यंत टाकी उतरली आणि डावा बोल्टही निघाला. दुसऱ्या शनिवारी, म्हणजे नोटिशीच्या सातव्या दिवशी, नवे पाटे बसवायचे होते. पाटा छातीशी धरून गाडीखाली सरपटत जाताना जावईबापूंना आपलं वय, वजन आणि पदवी तिन्ही आठवत होती. तरी दुपारपर्यंत दोन्ही बसले. पान्याला नळी लावून त्यांनी सगळे बोल्ट अंगातला जोर संपेपर्यंत आवळले. टाकी आणि चाकं चढवली. गाडी घोड्यांवरून खाली आली आणि मागून अशी ऐटीत उभी राहिली, की पूलवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरींनी नोटीस काढून घेतली. जावईबापूंनी कमरेवर हात ठेवले. माणसाला कमरेवर हात ठेवायची संधी आयुष्यात फार थोड्या वेळा मिळते.

बायको खाली आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"चाकं मागे सरकल्यासारखी नाही वाटत?"

"नवे पाटे आहेत. तसंच असतं."

"पण हे चाक मागच्या पत्र्याला टेकलंय."

टेकलं होतं. मागची दोन्ही चाकं आपापल्या कमानीत चांगली तीन बोटं मागे गेली होती. पूलवाल्यांनी खडू काढला, भिंतीकडे पाहिलं आणि परत ठेवला. दंतवैद्यबाई म्हणाल्या, "चावा जुळत नाहीये." जावईबापूंनी गाडी पुढे घेऊन पाहिली, मागे घेऊन पाहिली, जणू थोडं चालवल्यावर चाकं शरमून आपल्या जागी जातील.

बायको सासूबाईंकडे वळली. "आई, तू बाबांबरोबर इतकी वर्षं होतीस. तुला काही कळतंय का?"

सासूबाईंनी पेपराची घडी केली. ती उलगडून पुन्हा केली.

"पाट्याची आखूड बाजू पुढे असते," त्या हळूच म्हणाल्या.

जावईबापूंनी वाकून पाहिलं. पाट्याच्या मधोमध वाटणारी खिटी मधोमध नव्हतीच. एक बाजू आखूड, एक लांब. दोन्ही पाटे त्यांनी उलटे बसवले होते.

"अगं, मग सांगितलं का नाहीस? सकाळपासून इथे बसली आहेस!"

"जावयाला कसं सांगायचं?" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "आणि मला वाटलं, हल्ली अशीच पद्धत असेल."

जावईबापू पिकपमध्ये जाऊन बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला रुसायला जागा नसते, निदान ही सोय तरी या गाडीने केली. काचेतून त्यांना समोरची भिंत दिसत होती. तिच्यावर पुसट झालेलं कातरबल. आठ दिवस त्यांनी मेव्हण्याला विचारलं होतं, पूलवाल्यांचं ऐकलं होतं, दातांच्या डॉक्टरांचं ऐकलं होतं, सरकारचं ऐकलं होतं. चार हातांवर एक बाई खुर्चीत बसून होती आणि ही गाडी तिच्यासमोर चाळीस वेळा उघडली गेली होती. तिला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तरी विचारलं असतं का? हा रकाना त्यांनी कोरा सोडला.

अर्ध्या तासाने ते उतरले, सासूबाईंच्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "आणखी काय काय चुकलंय?"

"नाही हो, बाकी छान झालंय."

"चहासारखं छान?"

सासूबाईंनी तोंडावर पदर धरला, पण हसू लपलं नाही. मग त्या बोलू लागल्या. यू-बोल्टची नटं एकामागोमाग आवळायची नसतात, समोरासमोरची थोडी थोडी आवळायची. टोकांचे बोल्ट आधीच करकचून आवळले तर त्यांच्याभोवतीचं रबर पिळवटतं. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की मगच शेवटचा पीळ द्यायचा. आणि गाडी उंच झाली म्हणून मागच्या ब्रेकची नळी ताणली गेली आहे, ती लांब हवी, तोवर गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?" जावईबापूंनी थक्क होऊन विचारलं.

"आमच्याकडे दिवा धरायचं काम माझं होतं," सासूबाई म्हणाल्या. "दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं. हात घालणाऱ्याला नुसता स्वतःचा हात दिसतो."

रविवारी पाटे पुन्हा उतरले आणि पुन्हा चढले. या वेळी खुर्ची गाडीच्या अगदी जवळ होती आणि सासूबाईंच्या हातात बॅटरी होती. "अहो जावईबापू, आता समोरचं. अहो, उजवीकडचं." बॅटरीचा झोत जिथे पडे तिथे पाना जाई. दोन तास दहा मिनिटं लागली. चाकं कमानीत बरोबर मधोमध आली. नळी मात्र गॅरेजवाल्यानेच येऊन बदलली. ब्रेकच्या बाबतीत तो कुणाच्याही जावयावर विसंबायला तयार नव्हता. जाता जाता त्याने बाकीच्या कामावरही नजर फिरवली आणि विचारलं, "कुणी केलं?" जावईबापूंनी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्याला ती थट्टा वाटली.

गाडीचं बूड आता वर आणि नाक खाली, अशी ती सोसायटीच्या गेटला वाकून नमस्कार करत असल्यासारखी दिसे. वॉचमन तिला उलट नमस्कार करी. जावईबापूंनी तेही सोसलं.

महिन्याच्या शेवटच्या सकाळी ते तिघं निघाले. पिकपचं दार आता सासूबाईंना उंच पडत होतं, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल बरोबर घेतलं. शेवटच्या दोन मैलांवर जावईबापू सगळ्या शरीराचा कान करून बसले होते. पहिला खड्डा. दुसरा. तो मधला मोठा, ज्यात मागे एकदा सायलेन्सर राहिला होता. कुठेही खर्र झालं नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "परत जाताना भाजी घ्यायची आहे."

नवे मालक किल्ली घेऊन उभे होते. कामाची खोली उघडली. टेबल भलंथोरलं होतं. वरची फळी चार बोटं जाड, पाय मांडीएवढे. जावईबापूंनी टेप लावला. मग दाराला लावला. मग पुन्हा टेबलाला लावला.

"हे दारातून जाणार नाही."

"जायचं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "खोलीतच केलं होतं त्यांनी. आत झालेलं, आतच राहिलं."

बायको मटकन स्टुलावर बसली. पंधरा दिवसांपूर्वीचे जावईबापू असते तर इथे त्यांनी मेव्हण्याला फोन लावला असता. आताचे टेबलाखाली आडवे झाले, वर पाहिलं आणि म्हणाले, "खिळा दिसत नाही कुठे. कशावर धरलंय हे?"

"लाकडी खुंट्यांवर."

"पहिली कुठली काढायची?"

सासूबाई पर्समधून बॅटरी काढून गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, जमिनीवर बसल्या. त्यांच्यासमोर पाय चांगले लांब करून. "ती डावीकडची. खालून मार— मारा. हळूच. थोडं इकडे, थोडं तिकडे."

खुंट्या एकेक सुटत गेल्या. काही जुन्या दाढेसारख्या हटून बसल्या होत्या, पण हटून बसलेल्या वस्तूंशी कसं वागायचं हे जावईबापूंना आता माहीत होतं. आठवी खुंटी निघाली आणि त्यांनी ती कौतुकाने पाहायला हातात घेतली. दुसरा हात फळीच्या कडेखाली राहिला. फळी सुटून सरकू लागली.

"अरे, हात काढ! हात काढ आधी! डोळे कुठे आहेत तुझे?"

हात निघाला. फळी धाडकन खाली आली. धूळ उडाली, नवे मालक दोन पावलं मागे गेले. धूळ बसली तेव्हा सासूबाईंचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"अहो... चुकून गेलं तोंडातून. लागलं नाही ना तुम्हाला? मी त्यांना असंच ओरडायचे, त्या सवयीने..."

"सासूबाई," जावईबापू केसांतली धूळ झटकत म्हणाले, "बाहेर पडलेला शब्द आता आत कसा घालायचा? आणि डोळे खरंच नव्हते माझे."

फळी आणि पाय पिकपमध्ये चढले, आणि भार पडताच गाडीचं बूड खाली येत येत ती अगदी सपाट उभी राहिली, बांधेसूद, जणू पाट्यांना एवढ्याच वजनाची वाट होती. नव्या मालकांनी विचारलं, "एवढं मोठं टेबल फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे?" यावर नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. हा विचार पंधरा दिवसांत कुणीच केला नव्हता.

तिघं परत निघाले. मोठा खड्डा आला. जावईबापूंनी क्लच दाबला, गाडी हळूच आत उतरवली, हळूच वर काढली. मागे लाकडं नुसती कुजबुजली. सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

"गाडी छान उचललीस," त्या म्हणाल्या.

जावईबापू दुसरा गिअर टाकायला गेले तो चौथा पडला. पिकपने जोराचा गचका दिला, स्टूल आपटलं, बायको किंचाळली. आणि सासूबाई मात्र पाय लांब करून स्वस्थ बसून होत्या.